वानेरी त्या संध्याकाळी का हंबरत होती

मामा, कशी आहे तुमची तब्येत? दम लागायचा तो कमी झाला का? तिकडं जिने नसावेत अशी आशा धरते, नाहीतर तुम्ही चार पायऱ्या चढून "जरा आभाळ बघतो" म्हणून उभे राहाल आणि दम खायला थांबलात हे कुणाला कळायचं नाही. तुमच्या मंडळींचे, आमच्या आत्याबाईंचे गुडघे कसे आहेत? थंडीत त्यांना एरंडाचं पान गरम करून बांधावं लागतं. तिकडं दुसरं कुणी करणार नाही, तुम्हीच बांधा. फक्त बैलाच्या पायाला पट्टी आवळायचात तशी आवळू नका. तुमच्या आईंना आता दिसतं का? त्यांना सांगा, त्यांची पितळेची सुपारीची डबी माझ्याकडं आहे आणि मी ती अजून चिंचेनं घासते. दारातला मोत्या भेटला का? आणि वानेरी? मामा, वानेरीची खुशाली तुम्हाला विचारायची छाती आजवर घरात कुणाची झाली नाही. तुमची सून असून मी आज विचारते. वानेरी कशी आहे?

इकडं आम्ही बरे आहोत. तुमच्या चिरंजीवांची साखर कधी वर कधी खाली, पण जिलेबीचा नाद सुटत नाही. नातू पुण्याला नोकरीला आहे, त्याची बायको गुणाची आहे, फोन करते. मी लातूरच्या घरात मेस चालवते हे तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या डोळ्यांदेखत सुरू केली. पण तेव्हा सहा पोरी होत्या, आता पंगत बसते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत दोन ट्यूशन होते, आता गल्लीच ट्यूशनची झाली. भूकंपानंतर पत्र्याखाली झोपणारी माणसं, वर एक वीट चढवायला भ्यायची, तीच आता मजल्यावर मजला टाकून राहिली, आणि प्रत्येक मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेली लेकरं. आमच्या वरच्या खोलीत पोरी मोठ्यानं पाठ करतात आणि मी खाली कणीक तिंबत ऐकते. मला ते आवडतं. तुम्ही ओसरीच्या भिंतीवर जनावरांच्या रोगांचे तक्ते लावायचात आणि मी चौथीत शाळा सुटलेली बाई, झाडू मारता मारता ते वाचायची. लोकांची लेकरं गवताचा ग शिकली, मी घटसर्पाचा घ शिकले. पुढं जे काही वाचलं ते त्या घटसर्पाच्या पुण्याईनं.

आता मुद्द्याचं. मी हादरले आहे, मामा. रविवारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल वरणात मीठ घालायचं राहिलं, तर एक पोरगी म्हणाली, "आजी, मिठाचा नंबर लागला न्हाई का औंदा? वेटिंगला हाय का?" सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

रविवारी चाचा आले होते. तुमच्या प्रयोगशाळेच्या जीपचे ड्रायव्हर, हदगावचे. आता दाढी पांढरी शुभ्र झाली, काठी टेकून चालतात, पण दारात तशीच हाक, "सूनबाई, चहा टाक, पाहुणे आले." त्यांच्या नातीला ट्यूशनला घातलंय. मुलगा म्हणत होता मोठ्या वसतिगृहात ठेवू, पण चाचांनी ऐकलं नाही. म्हणाले, "साहेबांच्या घरात ठेवीन, न्हाईतर परत नेईन." पोरगी गोड आहे, डोळे मोठे, पुस्तक छातीशी धरून उभी. चाचांनी तुमच्या फोटोपुढं जाऊन कपाळाला हात लावला, मग पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. खवा होता. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "चाचा, एवढा खवा कशाला विकत आणायचा?" तर ते दुखावल्यासारखे झाले. "विकत? अगं घरचा हाय. आखाडीच्या पणतीचं दूध."

मी विचारलं, आखाडी कोण?

हे पुढं सांगण्याआधी मला त्या संध्याकाळकडं जावं लागेल. तुम्ही ती कुणाजवळ बोलला नाहीत, आणि मी तुमच्यासमोर कधी काढली नाही. पण आज काढते.

गणपती बुडवायचा दिवस. तुम्ही नांदेडहून दोन दिवसांची रजा काढून गावी आलेले. आल्या आल्या रीतीप्रमाणं कोपरापर्यंत हात धुतले, साबणानं एकदा आणि कार्बोलिकनं एकदा, तेव्हा कुठं नातवाला उचललं. प्रयोगशाळेत दिवसभर मेलेल्या जनावरांचं रक्त काचेवर पसरून बघणारा माणूस, घरातल्या लेकराला मात्र फुलासारखं धरायचा. आत्याबाई तुम्हाला चिडवायच्या, "जावयासारखे येतात आणि सोवळ्यातल्या भटासारखे वागतात." तुम्ही हसायचात आणि पिशवीतून त्यांच्यासाठी नांदेडच्या बाजारातली काही ना काही वस्तू काढायचात. त्या खेपेला गुडघ्यांना लावायचं तेल होतं. मला आठवतं, तुम्ही स्वतः त्यांच्या पायाशी बसून ते चोळलं आणि त्या लाजून म्हणत होत्या, "अहो सून बघून राहिली."

गणपती पोचवून आलो. दिवेलागण झाली होती. मी वैरण टाकायला गोठ्यात गेले तर वानेरी वैरणीला तोंड लावेना. आपली देवणी गाय, पांढरं अंग आणि काळं तोंड, म्हणून नाव वानेरी. नेहमी माझा पदर चाटणारी, ती दावं ताणून, मान वर करून हंबरत होती. थांबायची आणि परत हंबरायची. मी थेट तुमच्यापुढं येऊन सांगितलं, "मामा, वानेरी लई ओरडून राहिली, वैरण धरंना."

थेट सांगायला तुम्हीच शिकवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा एका गायीची व्याल्यावर वार पडली नव्हती आणि मी सासऱ्याला असलं कसं सांगू म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यामार्फत दाराआडून निरोप दिला. तेव्हा तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "जनावराच्या बाबतीत लाज धरली की जनावर मरतं. दाराशी बोलू नको, माझ्याशी बोल." मी रडले होते. पण त्या दिवसापासून माझा पदर डोक्यावर राहिला आणि जीभ मोकळी झाली.

तर तुम्ही आलात. गोठ्यातला बल्ब मिणमिणता. तुम्ही वानेरीच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटी बाजूला करून बघितलं, वाकून परत बघितलं. मग म्हणालात, "काही नाही, माजावर आलीय. संध्याकाळी दिसली म्हणजे सकाळी भरवायची. उद्या उजाडल्यावर वळूकडं न्या." आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बघा, जनावराचं दुखणं विचारलं तर ह्यांना लग्नच सुचतं." सगळे हसलो. तुम्ही अंगणात बाजलं टाकलं. आम्ही तिघं पत्र्याच्या नव्या खोलीत. आत्याबाईंना गारवा सोसायचा नाही म्हणून त्या आत, माळवदाच्या जड दगडमातीच्या छताखाली.

पहाटेचं मी लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.

उजाडल्यावर जे उरलं त्यात तुम्ही होतात, हातांची नखं उचकटलेली, दगड बाजूला करून करून. आत्याबाईंना तुम्ही पोराला घेता तसं दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आलात, पण त्या वेळी हात धुतलेले नव्हते. दुपारी चाचा पोचले. नांदेडला रेडिओवर ऐकलं आणि कुणाला न विचारता जीप काढली होती. गावात सगळीकडं तेच चाललं होतं. आणि त्याच वेळी शेजारचे पाटील, त्यांचं स्वतःचं अर्धं घर गेलेलं, भान नव्हतं माणसाला, ते तुमच्यापुढं उभं राहून म्हणाले, "साहेब, तुमची गाय रातभर सांगत होती की. जनावराला आधी कळतंय. तुम्ही तर डाक्टर हाव!"

मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. त्या एका वाक्यानं तुमच्या आत जे पडलं ते परत उभं राहिलं नाही. घरं सरकारनं बांधून दिली, रांगेत, नंबर टाकून.

दहावा झाला त्या दिवशी तुम्ही चाचांना म्हणालात, "ही गाय घेऊन जा हदगावला. विकू नको, सांभाळ. पण पुन्हा तिचं नाव माझ्यासमोर काढू नको. जगली, मेली, काही सांगायचं नाही." चाचांनी जबान दिली. टेम्पोत चढताना वानेरीनं मागं बघितलं, तुम्ही पाठ फिरवून उभे होतात. त्या संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, एकदाच, "ती मला सांगत होती, आणि मी तिला वळू दाखवायला निघालो होतो."

त्या दिवसापासून तुम्ही दुधाला शिवला नाहीत. चहा कोरा. सणाला खीर झाली तर ताट बाजूला सारायचात, पोट बरं नाही म्हणायचात. नातवाला मात्र स्वतः दूध तापवून द्यायचात, फुंकर घालून, साय बोटानं काढून. आई गेलेल्या घरात तुम्ही बाप होतात आणि आई पण झालात. ज्वारीचं पीठ मळायला शिकलात, पुढं नात झाली तर तिच्या वेण्या घालायला शिकलात, त्या वेण्या बैलाच्या शेपटीच्या गोंड्यासारख्या दिसायच्या आणि ती तशीच शाळेत जायची. आम्हाला वाटायचं, माणूस सावरला.

पण लसीकरणाच्या दौऱ्यावर निघालात की जीपची वाट वाकडी व्हायची. भूकंपाच्या गावांत, पत्र्याच्या शेडांत, ज्याच्या दावणीला तेव्हा जनावर होतं त्याला तुम्ही विचारायचात, "त्या संध्याकाळी काय करत होतं? खात होतं का? ओरडलं का?" कुणी म्हणायचं कुत्री रडली. कुणी म्हणायचं बैलांनी खुंटे उपटले. कुणी म्हणायचं, साहेब, आमची म्हैस निवांत रवंथ करत होती, आणि तिच्यावरच भिंत पडली. लोकांना वाटायचं साहेबांचं संशोधन चाललंय. साहेब आयुष्यभर घटसर्पाच्या मागं होते, आता भूकंपाच्या मागं लागले. काय चाललंय ते मला माहीत होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.

आणि त्या जीपच्या स्टेअरिंगवर कोण होतं, मामा? चाचा.

रविवारी मी विचारलं आखाडी कोण, तर चाचा आधी तुमच्या फोटोकडं बघत बसले. मग म्हणाले, "आता साहेब न्हाईत. आता जबान सुटली म्हणायची का न्हाई, मला कळंना. पण तू विचारलं म्हणून सांगतो. वानेरीची कालवड. आमच्या दारात आल्यावर व्याली, आखाड लागला त्या सकाळी. म्हणून आमच्या बेगमनं नाव ठेवलं आखाडी."

मी तव्यापाशी होते. हातात उलथणं. म्हटलं, "कुठल्या सालचा आखाड, चाचा?"

"अगं, भूकंपाच्या पुढचाच की! भादव्यात ते झालं, आखाडात ही."

मामा, बायकांना हा हिशोब शिकवावा लागत नाही. नऊ महिने, नऊ दिवस, गायीचं काय आणि बाईचं काय. मी बोटं मोजत गेले. भादव्याची पुनव, मग अश्विन, कार्तिक... ज्येष्ठाची पुनव येईपर्यंत नऊ बोटं मिटली, आणि पुढचा पंधरवडा आखाडाच्या दाराशी जाऊन थांबला. मागून एक पोरगी ओरडली, "आजी, पोळी जळून राहिली!" जळू दे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा जळू दे म्हटलं.

मी चाचांना विचारलं, "पण ती भरवली कुणी? तुमच्याकडं वळूकडं नेली होती का?"

चाचांनी मान खाली घातली. म्हणाले, "आमच्याकडं यायच्या आधीच. मी त्या दुपारी जीप लावली तवा गावाबाहेर तुरीच्या रानात वानेरी उभी होती, तुटकं दावं गळ्यात, आणि गावचा वळू तिच्याजवळ. मी डोळ्यानं बघितलं. पण बेटा, घरात मैयत पडलेली. असल्या टायमाला माणूस असलं कसं बोलणार? सांगायचं राहिलं ते राहिलंच."

मी विचारलं, "आणि कालवड झाल्यावर?"

"त्याच आठवड्यात साहेबांना घेऊन भूकंपाच्या गावांकडंच दौऱ्यावर गेलो होतो. ओठावर आलतं, साहेब, तुमच्या गायीला कालवड झाली, पेढे खावा. पण जबान दिली होती. जगली, मेली, काही सांगायचं न्हाई. मी गिअर टाकला."

मग मी त्यांना सांगितलं. तुम्ही त्या संध्याकाळी गोठ्यात काय बोलला होतात ते. माजावर आलीय, सकाळी भरवायची. चाचांना हे कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांना एवढंच वाटत होतं की बायको गेली त्या घरातली गाय साहेबांना बघवत नाही. इतकी वर्षं ते तुमच्या शेजारी बसून जीप हाकत होते, तुमचा प्रश्न प्रत्येक दावणीपाशी ऐकत होते, आणि त्याचं उत्तर त्यांच्या दारात उभं राहून दूध देत होतं. माझ्याकडं तुमचा शब्द होता, त्यांच्याकडं कालवड होती. आम्ही दोघं दर ईदेला, दर दिवाळीला एकमेकांकडं डबे पाठवत होतो, आणि त्या डब्यांतून हे कधी गेलं नाही.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. "या अल्ला," म्हणाले, "मी इमानदारी केली का बेइमानी?" त्यांची नात घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला जेवायला बसवलं. दुसरं काय करणार?

मामा, मला तुमचा राग आला आहे. खरं सांगते. हजारो गायींच्या पोटात हात घालून गाभण का भाकड सांगणारे तुम्ही. दोन-अडीच महिन्यांनी हदगावला जाऊन वानेरीच्या पोटात एकदा हात घातला असता तर तिथंच कळलं असतं. जगाच्या दावणी पालथ्या घातल्या आणि आपलीच गाय तपासायची राहिली. पाटलांच्या एका वाक्यावर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. तुम्ही बघितलं होतं ते बरोबर बघितलं होतं. बल्ब मिणमिणता होता, पण डोळे तुमचे होते.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. माझी एक कोंबडी मान टाकून मेली होती आणि मी "मानमोडी आली, मानमोडी आली" म्हणून गल्ली गोळा केली होती. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "एका जनावरावरून रोग ठरवायचा नसतो. आधी कळप बघ." तसंच आताही म्हणाल. गाय माजावर असेलही, आणि जमिनीतलं तिला कळलंही असेल, एकानं दुसरं खोटं ठरत नाही. हेच म्हणाल ना? म्हणा. मी चौथी शिकलेली, मला शास्त्र येत नाही. पण मामा, एका गायीवरूनच तर तुम्ही स्वतःला गुन्हेगार ठरवलंत. तेव्हा कळप का नाही बघितला? बघितलाही. गावोगाव फिरून बघितला. निवांत रवंथ करणारी म्हैस तुम्हाला सापडली होती की. तिचं तुम्ही का ऐकलं नाही?

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, ते मला कळतं. पाकिटावर काय लिहू? तुमच्या चिरंजीवांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या आईचा विषय आहे, मी बोलायला तोंड उघडते आणि साखर किती आली ते विचारते. चाचांच्या नातीनं मात्र काल हळूच विचारलं, "दादी, आमची आखाडी तुमची पण लागते का कोण?" म्हटलं, हाव, लागते. माहेरवाशीण आहे.

आणि एक कबूल करते. आज सकाळी पोरी ट्यूशनला गेल्यावर मी तुमच्या फोटोपुढं चहा ठेवला. कोरा नाही, दुधाचा, आलं घालून, तुम्हाला पूर्वी आवडायचा तसा. सोबत त्या खव्याची एक वडी. तुम्हाला न विचारता ठेवला. गार झाल्यावर मीच प्याले. पिताना लक्षात आलं की मी तुम्हाला सांगायचं सांगायचं म्हणून इतकी पानं लिहिली, पण कान माझेच आसुसलेत. त्या संध्याकाळी ते हंबरणं मीही ऐकलं होतं. तुम्ही "काही नाही" म्हणालात म्हणून मी दार लावून निवांत झोपले. तुम्ही तरी गावोगाव विचारत फिरलात. मी कुणाला विचारायचं?

तेव्हा उत्तर लवकर लिहा, मामा. आत्याबाईंना शेजारी बसवून लिहा, त्यांना वाचून दाखवा, त्यांना हसू द्या. लांबलचक नको, तुम्हाला दम लागतो. "माजावरच होती" एवढं तुमच्या अक्षरात आलं तरी पुरे.